सुरुवात करणाऱ्याचं काय?

मंगळवार, रात्र

आमचा हल्ला युद्धनियमांच्या चौकटीतच होता. कुठल्याही युद्धाची बातमी लावा, कुणी ना कुणी प्रवक्ता हे ऐकवतोच. दरवेळी तो खोटं बोलत असेल असं नाही. मला जास्त छळतं ते हेच, की तो कधीकधी खरं बोलत असेल.

युद्धाच्या कायद्याची दोन वेगळी खाती आहेत. एक सांगतं, लढताना काय करायचं नाही. कैद्यांना मारू नका, नागरिकांना लक्ष्य करू नका. १९४९ चे जिनिव्हा करार या खात्यातले. दुसरं विचारतं, मुळात हत्यार उचललंच का? तिथे संयुक्त राष्ट्रांची १९४५ ची सनद लागते: स्वसंरक्षण किंवा सुरक्षा परिषदेची परवानगी, याखेरीज दुसऱ्या देशावर बळ वापरायचं नाही. ही दोन खाती एकमेकांच्या कागदांत डोकावत नाहीत, आणि तेही मुद्दाम. चाल करून आलेला सैनिक आणि आपला मुलूख राखणारा सैनिक पहिल्या खात्याला सारखेच. त्यात शहाणपण आहे, नाहीतर प्रत्येक सैन्य 'न्याय आमच्याच बाजूला' म्हणत कैद्यांचे गळे कापत सुटेल.

पण मग हिशेब काय होतो? शत्रूच्या सैनिकाला मारणं गुन्हा नाही. तळावर झोपलेल्या विशीतल्या पोरावर क्षेपणास्त्र टाकलं तरी नाही. लष्करी ठिकाणाजवळचे नागरिक मेले, आणि ती हानी अपेक्षित लष्करी फायद्याच्या मानाने फारच जास्त नसली, तर तोही नाही. म्हणजे एखाद्या नेत्याने उघड अन्याय्य युद्ध पुकारलं, त्याच्या सेनेने ते अगदी नियम पाळून लढलं, हजारो माणसं मेली, तरी त्यातल्या बहुतेक मृत्यूंसाठी बोट दाखवायला गुन्हाच सापडत नाही. त्याने मरायला पाठवलेली त्याची स्वतःची माणसं तर कुणाच्याच खिजगणतीत नाहीत. हे सगळे मृत्यू कायद्याच्या वहीत उतरवायचे तर एकच जागा उरते: युद्ध सुरू करण्याचा निर्णय.

दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांचा खटला चालवणाऱ्या न्यूरेंबर्गच्या न्यायाधीशांनी १९४६ मध्ये हे ओळखलं होतं. आक्रमक युद्ध छेडणं हा सर्वोच्च आंतरराष्ट्रीय गुन्हा, कारण बाकी सगळ्या गुन्ह्यांचं पाप त्याच्या पोटात असतं, असं त्यांनी निकालात म्हटलं. हिटलरचा उपनेता रुडॉल्फ हेस याला दोषी धरलं ते फक्त शांततेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी आणि त्यांच्या कटासाठी. युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे या आरोपांतून तो सुटला होता. तरी जन्मठेप झाली आणि १९८७ साली बर्लिनमधल्या श्पांडाऊच्या तुरुंगातच तो मेला.

बुधवार

काल लिहिलेलं वाचलं. न्यूरेंबर्ग फारच चकचकीत दिसतंय त्यात.

त्या न्यायासनावर सोव्हिएत न्यायाधीशही होते. याच सोव्हिएत संघाला फिनलंडवर हल्ला केल्याबद्दल डिसेंबर १९३९ मध्ये राष्ट्रसंघातून, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेतून, काढून टाकलं होतं. पोलंड वाटून घेण्याचा गुप्त समझोता हिटलरशी केला होता तोही त्यांनीच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

पुढची गोष्ट आणखी विचित्र आहे. रिस्टो र्‍युटी हे त्या हल्ल्याने पेटलेल्या हिवाळी युद्धात फिनलंडचे पंतप्रधान, नंतर अध्यक्ष. युद्ध संपल्यावर सोव्हिएत दबावाखाली फिनलंडच्या संसदेने १९४५ मध्ये पूर्वलक्षी कायदा केला आणि फिनलंडच्याच न्यायालयाने र्‍युटींना युद्धाला जबाबदार धरून दहा वर्षांची शिक्षा दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर र्‍युटी अगदी संन्यासीही नव्हते. १९४१ मध्ये जर्मनीच्या जोडीने सोव्हिएत संघाशी लढाईत उतरताना तेच अध्यक्ष होते. १९४९ मध्ये त्यांना माफी मिळाली.

जपानी नेत्यांवर टोकियोत चाललेल्या खटल्यात तर सम्राट हिरोहितो यांना आरोपीच केलं नाही. तिथले भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी आपल्या वेगळ्या, विरोधी निकालपत्रात सगळेच आरोपी निर्दोष ठरवले. आक्रमक युद्ध हा व्यक्तीने केलेला गुन्हा आहे असं कायद्यात त्या वेळी नव्हतंच, जेत्यांनी ते मागाहून घातलं, हा त्यांचा मुद्दा. मला तो अर्धाच पटतो. १९२८ च्या पॅरिस कराराने युद्ध हे धोरणाचं साधन म्हणून त्याज्य ठरवलं होतं आणि जपान व जर्मनी दोघांनी त्यावर सह्या केल्या होत्या. शिक्षा मात्र कुठेच लिहिलेली नव्हती, हे पालांचं म्हणणं खोडता येत नाही. पण सही करून मोडणाऱ्याने 'मला ठाऊक नव्हतं' म्हणावं, हेही मला गिळवत नाही.

शुक्रवार

शिक्षा लिहायला पुढे किती वेळ लागला! १९९८ च्या रोम कराराने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं केलं. गुन्ह्यांच्या यादीत आक्रमणाचं नाव घातलं आणि व्याख्येची जागा रिकामी ठेवली. ती जागा २०१० मध्ये युगांडातल्या कंपालाच्या परिषदेत भरली. देशाच्या राजकीय किंवा लष्करी कारभारावर ज्याचा प्रत्यक्ष ताबा आहे, त्याच्याच हातून हा गुन्हा घडू शकतो. साधा शिपाई यात येतच नाही. हे मला फार आवडलं. पुढचं कमी आवडलं: जे देश या न्यायालयाचे सभासद नाहीत, त्यांचे नेते या गुन्ह्यापुरते सुटले, हल्ला सभासद देशावर केला तरी. अमेरिका, रशिया, चीन, भारत, कुणीच सभासद नाही. सुरक्षा परिषद प्रकरण पाठवू शकते, पण नकाराधिकार कुणाकडे आहे ते सांगायला नको. २०१८ मध्ये न्यायालयाचा या गुन्ह्यावरचा अधिकार लागू झाला. आजवर एकही खटला नाही.

इराक युद्धाच्या आधी, २००३ मध्ये, काही ब्रिटिश आंदोलकांनी फेअरफर्डच्या हवाई तळात घुसून तिथल्या साहित्याची मोडतोड केली. बचाव असा की आम्ही आक्रमणाचा गुन्हा रोखत होतो. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायासनाने, म्हटलं: आंतरराष्ट्रीय कायद्यात हा गुन्हा आहे, पण संसदेने इंग्लंडच्या कायद्यात तो आणलेला नाही, म्हणून हा बचाव चालणार नाही. त्याच आधारावर २०१७ मध्ये इराक युद्धाच्या वेळचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्यावर खटला भरण्याची परवानगी नाकारली गेली. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले ते मोडतोड करणारे.

युक्रेनसाठी आता वेगळं न्यायाधिकरण ठरलं आहे. २५ जून २०२५ ला युरोप परिषद आणि युक्रेन यांनी करार केला. राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री पदावर असेपर्यंत त्यांच्यावर आरोपपत्र ठेवता येईल, खटला थांबून राहील. खुर्चीवर बसल्याशिवाय हा गुन्हा करता येत नाही आणि खुर्ची सुटेपर्यंत तो चालवता येत नाही! मग खुर्ची सोडेल कोण? युद्ध लांबवण्याचंच हे निमित्त होईल, असं म्हणणाऱ्यांना माझ्याकडे सरळ उत्तर नाही.

तरी कागद आत्ताच गोळा व्हावेत असं मला वाटतं. न्यूरेंबर्गमध्ये फिर्यादी पक्षाच्या हाती नोव्हेंबर १९३७ च्या एका बैठकीचं टिपण होतं. हिटलरने आपले बेत सेनाधिकाऱ्यांपुढे मांडले, ते हॉसबाख नावाच्या कर्नलने लिहून ठेवलेलं. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यातल्या कायदा सल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी मार्च २००३ मध्ये राजीनामा दिला, तेव्हा पत्रात 'आक्रमणाचा गुन्हा' असे स्पष्ट शब्द वापरले. दोन वर्षांनी सरकारने ते पत्र खुलं केलं ते एक भाग वगळून, आणि एका वृत्तवाहिनीने तो वगळलेला भागही मिळवला. जुलै २०२३ पासून हेगमध्ये युक्रेनवरच्या आक्रमणाचे पुरावे गोळा करण्यासाठी एक केंद्र काम करतंय. कोण कुठल्या बैठकीला होतं, कोणी काय हुकूम दिला, हे तिथे आत्ताच जमा होतंय, आरोपी अजून पदावर असताना.