मे महिना, १२८ सॅम्पल आणि मदरबोर्डाची निवड

सोमवार, रात्र. लातूर.

बाहेर दिवसभर ४२. खोलीत पंखा चालू असताना ३७, आणि गाणं घ्यायचं म्हटलं की पंखा बंद. घरच्या स्टुडिओचा प्रोसेसर निवडताना हिशेब इथूनच मांडावा लागतो. दुकानात मात्र पहिला प्रश्न ठरलेला: "कोअर किती पाहिजेत?" कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आत स्वतंत्रपणे मोजणी करणारा भाग.

गोंधळाचं रेकॉर्डिंग धरू. संबळाच्या दोन्ही भांड्यांना दोन माइक, तुणतुणं, झांज, मुख्य आवाज, मागे झीलकरी. गाणाऱ्याच्या हेडफोनमध्ये त्याचाच आवाज थोड्या रिव्हर्बसकट (घुमाऱ्यासकट) परत जायला हवा. ४८ किलोहर्ट्‌झला १२८ सॅम्पलचा (आवाजाच्या नोंदींचा) बफर, म्हणजे एका वेळी हाताळायचा तुकडा, २.६७ मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात सगळे प्लगइन, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारे छोटे प्रोग्रॅम, मोजून व्हायलाच लागतात. उशीर झाला की 'कट' असा आवाज येतो, आणि तो कधीकधी थेट रेकॉर्डिंगमध्येच बसतो. आत येताना एक बफर आणि बाहेर जाताना एक, म्हणजे ५.३ मिलिसेकंद, त्यावर ड्रायव्हर (यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) आणि कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा भाग) यांचा वेळ वेगळा. एकूण दहापर्यंत राहिलं तर बहुतेकांना चालतं, कारण हवेतून आवाज दहा मिलिसेकंदांत साधारण साडेतीन मीटर जातो. संबळवाला तेवढ्या अंतरावर उभा असला तरी गाणारा चुकत नाही. २५६ केलं की नुसते दोन बफरच १०.७ होतात आणि गाणारा लय मागे ओढायला लागतो.

आता कोअरचं. एका ट्रॅकवरचे प्लगइन एकामागे एक चालतात. सूर दुरुस्त करणारा, मग कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारा), मग ईक्यू (खर्ज-तार जुळवणारा). पुढच्याला मागच्याचा निकाल मिळेपर्यंत थांबावं लागतं. ही साखळी चार कोअरवर वाटून देता येत नाही. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर जातात, पण शेवटी सगळे मास्टरवर, म्हणजे एकत्र मिश्रणाच्या ट्रॅकवर, येतात आणि तिथली साखळी पुन्हा एकट्या कोअरच्या गळ्यात. म्हणून विंडोजचा टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर २० टक्के दाखवतो आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा स्वतःचा मीटर लाल होतो. टास्क मॅनेजर सरासरी सांगतो. आवाज तुटतो तो सर्वांत अडलेल्या कोअरवर. मास्टरवर जड लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारा प्लगइन) टाकून १६ कोअरचा प्रोसेसर आणला तरी ती तुटतूट जात नाही. एका कोअरचा वेग आधी, संख्या नंतर. गोंधळ, भजन, भीमगीतं अशा ३०-४० ट्रॅकच्या कामाला ६ कोअर पुरतात. मोठ्या सॅम्पल लायब्ररीतून (रेकॉर्ड केलेल्या वाद्यांच्या संग्रहातून) व्हायोलिनचे ताफे उभे करायचे असतील तर ८.

नावं घ्यायची तर दोनच. एएमडीचा रायझन ५ ७६००: ६ कोअर, ५.१ गिगाहर्ट्‌झपर्यंत, ६५ वॅट, आतच छोटं ग्राफिक्स. नाहीतर इंटेलचा कोअर आय५-१२४००: तोही ६ कोअरचा, सगळे मोठे. हा जुना झाला असं म्हणतात. झाला असेल, पण छोटे कोअर नसल्यामुळे आवाजाचं काम चुकून हळू कोअरवर जाण्याची भानगडच नाही. छोटे-मोठे कोअर मिसळलेले प्रोसेसर विंडोज ११ बरे सांभाळतो. विंडोज १० वर राहायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नये. ८ कोअर हवे तर रायझन ७ ७७००. त्याच घरातल्या १२ आणि १६ कोअरच्या प्रोसेसरात कोअर दोन तुकड्यांत विभागलेले असतात, आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात निरोप जायला जास्त वेळ लागतो. छोट्या बफरला ते सोयीचं नाही.

नावामागे 'एफ' असलेला प्रोसेसर स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये. त्यात ग्राफिक्स नसतं. मग कार्ड आलं, कार्डाचा पंखा आला आणि कार्डाचा ड्रायव्हर आला, जो अधूनमधून आवाजाच्या कामाला अडवतो. वाचवलेले पैसे तिथेच जातात.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतला प्रोसेसर जुन्या बाजारातून मिळत असेल तर जपून. त्यातल्या काहींत वाढीव व्होल्टेजमुळे बिघाड होत होता. इंटेलनं ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला, पण आधीच झिजलेला प्रोसेसर त्यानं बरा होत नाही.

मंगळवार, दुपार. वीज गेली आहे.

उष्णतेचं राहिलं होतं. भर कामात प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंश वर जात असेल तर २५च्या खोलीत तो ७०वर असतो, ४२च्या खोलीत ८७वर. रायझन ७०००ची मर्यादा ९५. म्हणजे पुण्या-मुंबईच्या एसीतला अनुभव वाचून कूलर ठरवला तर मे महिन्यात पंखा शिट्टी मारतो, आणि माइक त्याच खोलीत असतो. सोबत मिळणारा छोटा कूलर बाजूला ठेवून १२० मिमी पंख्याचा उभा टॉवर घ्यावा. त्याची उंची साधारण १५५ मिमी असते. कॅबिनेटात बसते का ते आधी मोजावं. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) पंखा ७० अंशांपर्यंत एकाच संथ वेगावर बांधून ठेवावा. एकसारखा हलका आवाज कानाआड होतो. चढउतार करणारा पंखा मात्र रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतो. ७६००ला इको मोडमध्ये ४५ वॅटवर आणलं तर एका कोअरचा वेग फारसा पडत नाही, उष्णता मात्र बरीच उतरते. आपल्याकडे हे सेटिंग मार्च ते जून लावूनच ठेवावं.

आता बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड. लोक इथे हात आखडतात आणि पुढे सगळा त्रास इथूनच निघतो. इंटेलच्या एच६१० वर रॅमच्या दोनच जागा आणि यूएसबी मोजके. इंटेलसाठी बी७६० किंवा रायझनसाठी बी६५० घ्यावा. पाहायच्या गोष्टी: प्रोसेसरशेजारच्या वीजपुरवठ्याच्या भागावर धातूचा हीटसिंक हवा आणि मागच्या बाजूला भरपूर यूएसबी हवेत. इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) मागच्याच यूएसबीत लावायचा, कॅबिनेटच्या पुढच्यात नाही, हबमध्ये तर मुळीच नाही. जुना एएम४ (आधीच्या रायझनचा) बोर्ड स्वस्तात मिळाला आणि यूएसबी मध्येच तुटत असेल तर आधी बायोस पाहावा. ५०० मालिकेच्या बोर्डांवर हा दोष होता आणि २०२१ मध्ये आलेल्या एजेसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १.२.०.२ नं तो सुटला.

रॅम १६-१६ च्या दोन पट्ट्या, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत. "पुढे आणखी दोन टाकू" हा विचार डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) ला महागात पडतो: रायझन ७००० वर दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५२००, चार भरल्या की ३६००. पहिल्यांदा चालू केल्यावर एएम५ (रायझन ७०००चा) बोर्ड काही मिनिटं काळा पडदाच दाखवतो, तो रॅमशी जुळवून घ्यायला शिकत असतो. बोर्ड मेला समजून तेव्हा बटण दाबायचं नाही. दुसरा एम.२ (बोर्डावरच बसणारा एसएसडी) भरला की काही बोर्डांवर साटाचे (हार्डडिस्क जोडायचे) एक-दोन पोर्ट बंद पडतात; हार्डडिस्क गायब झाली तर आधी मॅन्युअलचं ते पान उघडावं.

बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड मिळाला तर चार पैसे जास्त द्यावेत. प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस चढवता येतो. पण लाइट आली म्हणून लगेच नाही, आधी यूपीएस. मध्येच वीज गेली तर बोर्ड तिथेच अडकतो.

बुधवार.

जुळणी झाल्यावर पहिलं काम लेटन्सीमॉन (ड्रायव्हर किती वेळ अडवतात ते मोजणारं सॉफ्टवेअर) अर्धा तास चालवणं. एखादा ड्रायव्हर १५०० मायक्रोसेकंद अडवून बसला तर आपल्या २६६७ पैकी निम्म्याहून जास्त वेळ गेला, मग प्रोसेसर कितीही भारी असो. बहुतेक वेळा दोषी वायफायच निघतो. रेकॉर्डिंगपुरता वायफाय-ब्लूटूथ बंद, बोर्डावरचं साउंड बायोसमधून बंद, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स. तरीही तुटलं तरच सी-स्टेट (रिकाम्या वेळी प्रोसेसरनं घ्यायची झोप) बंद करावेत. त्यानं उष्णता वाढते.

माउस हलवला की स्पीकरमधून 'चिं' येत असेल तर दोष बोर्डाला देण्याआधी मल्टिमीटर घ्यावा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये २-३ व्होल्टच्या आत हवं. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते, आणि जी अर्थिंग श्रावणात ठणठणीत होती ती मेमध्ये नावापुरती उरते. खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतून पुन्हा मोजावं. कॉम्प्युटर, इंटरफेस आणि स्पीकर विजेच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डवरून, स्पीकरच्या वायरी बॅलन्स्ड.

दुकानात यादी देताना बोर्डाचं पूर्ण नाव लिहून द्यायचं. नुसतं 'बी७६०' म्हटलं की डीडीआर४चा हातात येतो. डीडीआर५ची खाच वेगळ्या जागी असते, पट्टी त्यात बसतच नाही, आणि सील फोडलेला बोर्ड परत घ्यायला कुणी तयार होत नाही.