शिखर नसलेलं देऊळ: जयपूरच्या गोविंददेवजींचं दर्शन

जयपूरच्या राजवाड्यात गोविंददेवजींच्या, म्हणजे कृष्णाच्या, दर्शनाला जाणार असाल, तर आधी झांकीच्या, म्हणजे पडदा उघडून होणाऱ्या दर्शनाच्या, वेळा बघून घ्या. मंगला, धूप, शृंगार, राजभोग, ग्वाल, संध्या, शयन अशा दिवसात सात झांकी होतात. मधल्या वेळात पडदा बंद असतो, आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. आम्ही शृंगारची झांकी धरली.

जलेब चौकातून आत शिरलो तेव्हा रोज येणारे जयपूरकर झपाझप पुढे जात होते. कुणाच्या हातात फुलं, कुणाच्या ओठावर भजन. पडदा सरकला आणि एकच जयघोष झाला. काळीशार मूर्ती, शेजारी राधा. गर्दी पुढे लोटत होती, तरी डोळे भरून दर्शन झालं.

नंतर मी निवांत वास्तू पाहिली. आपल्याकडे देऊळ म्हटलं की लांबूनच शिखर आणि कळस दिसतो. इथे शिखरच नाही. खांब, कमानी, सपाट छप्पर. जयनिवास बागेतला महालच तो, सूरजमहाल. हेच गोविंददेव आधी वृंदावनात होते. तिथे आमेरच्या राजा मानसिंहांनी 1590 साली त्यांच्यासाठी लाल दगडाचं भव्य मंदिर उभारलं होतं. औरंगजेबाच्या काळात मूर्ती तिथून हलवली, ठिकठिकाणी मुक्काम करत ती आमेरजवळच्या कनक वृंदावनात आली. आमेरचेच राजे सवाई जयसिंह यांनी 1727 मध्ये जयपूर वसवलं आणि पुढे देवाला थेट आपल्या राजवाड्याच्या आवारात आणलं.

का, ते राजवाड्यातल्या मुख्य महालावर, चंद्रमहालावर, गेल्यावर नीट कळलं. राजवाड्याचं तिकीट वेगळं, आणि चंद्रमहालाच्या वरच्या मजल्यांसाठी आणखी वेगळं, बरंच महाग. पण या देवळासाठी ते काढाच, असं मी आग्रहाने सांगेन. वरून उत्तरेला बाग दिसते आणि तिच्यात, महालाच्या अगदी सरळ रेषेत, गोविंददेवांचं देऊळ. राजाला महालातूनच दर्शन व्हावं अशी ही आखणी. जयपूरचे खरे राजे गोविंददेव आणि गादीवरचा राजा त्यांचा दिवाण, असं इथे मानतात. मग या खऱ्या राजाने राजवाड्यातच, महालात राहावं, हे ओघानेच आलं. शिखर का नाही, याचं मला पटलेलं उत्तर हेच.

देवळात भेटलेल्या एका आजींनी आणखी एक परंपरा सांगितली. कृष्णाचा पणतू वज्रनाभ याने तीन मूर्ती घडवल्या: मदनमोहनाचे चरण, गोपीनाथाची छाती आणि गोविंदाचं मुख हुबेहूब कृष्णासारखं उतरलं. तिन्हींचं दर्शन एका दिवसात घ्यावं म्हणतात. गोपीनाथ जयपुरातच आहेत, त्यांचं दर्शन आम्ही त्याच दिवशी घेतलं. मदनमोहन करौलीला. तिथे जायचं तर भल्या पहाटेच निघावं लागतं.