सिनेमातून व्रतं समजून घ्यायची, तर आधी आज्ञापालन

कॅथलिक धर्मभगिनी (नन) किंवा मठवासी पडद्यावर आले की प्रेक्षकाचं लक्ष पहिल्यांदा ब्रह्मचर्यावर जातं. ती कुणाच्या प्रेमात पडेल का, तो मठ सोडेल का, एवढ्याच उत्सुकतेवर सगळा सिनेमा बघून होतो. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं सिनेमातून खरंच समजून घ्यायची असतील, तर सुरुवात शेवटच्या व्रतापासून करावी. आज्ञापालन कॅमेऱ्याला दिसतं. दोन माणसं समोरासमोर असतात, एक काहीतरी सांगतो आणि ते दुसऱ्याच्या चेहऱ्यावर उमटतं. दारिद्र्य दाखवणं त्या मानाने फार अवघड. शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरचा पगार तिच्या मालकीचा होत नाही, तो तिच्या धर्मभगिनींच्या संस्थेचा असतो. व्रताचा रोजचा व्यवहार हा असा असतो. पडद्यावर मात्र त्याऐवजी विटलेला झगा दिसतो.

युवकांच्या गटासाठी, नॉव्हिशिएटमधल्या (व्रतांआधीच्या प्रशिक्षणकाळातल्या) मुलींसाठी किंवा पॅरिशमधल्या (स्थानिक चर्चच्या हद्दीतल्या) पाच-सहा कुटुंबांसाठी सिनेमा दाखवून चर्चेचं सत्र घ्यायचं असेल, तर सिनेमा लावण्याआधी दहा मिनिटं काढून काही गोष्टी स्पष्ट कराव्यात. त्या राहून गेल्या की पुढची चर्चा हमखास भरकटते.

पहिली गोष्ट म्हणजे पायऱ्या. आधी उमेदवारी, मग नॉव्हिशिएट. चर्चच्या कायद्याप्रमाणे नॉव्हिशिएट किमान १२ महिन्यांचं असावं लागतं. त्यानंतर तात्पुरती व्रतं, साधारण ३ ते ६ वर्षांसाठी. गरज पडली तर ही मुदत वाढवता येते, पण एकूण ९ वर्षांच्या पुढे नाही. मग कायमची व्रतं, आणि त्यासाठी वयाची किमान २१ वर्षं पूर्ण लागतात. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की कुणीही मोकळेपणाने घरी जाऊ शकतं. ‘द साउंड ऑफ म्युझिक’मधल्या मारियाने व्रत मोडलं, असं समजणारे पुष्कळ भेटतात. ती उमेदवार आहे. तिने अजून एकही व्रत घेतलेलं नाही, त्यामुळे मोडण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरी गोष्ट वसई, मुंबई, गोव्यातल्या गटांत आवर्जून सांगावी लागते. धर्मप्रांताचे, म्हणजे बिशपांच्या हाताखाली पॅरिश सांभाळणारे फादर ही व्रतं घेत नाहीत. ते ब्रह्मचर्याचं आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतात. दारिद्र्याचं व्रत त्यांना नसतं. जेज्विट, फ्रान्सिस्कन, सालेशियन अशा धर्मसंघांचे फादर व्रतस्थ असतात, म्हणजे ते तिन्ही व्रतं घेतात. पॅरिशच्या फादरांकडे मोटारसायकल आहे आणि सिस्टरांकडे नाही, यावरून निघणारा वाद इथेच मिटतो.

आता सिनेमा. एकच निवडायचा झाला तर माझ्या मते ‘द नन्स स्टोरी’, १९५९ चा, फ्रेड झिनेमन यांचा. ऑड्री हेपबर्न यांनी सिस्टर ल्यूक ही बेल्जियन परिचारिका-धर्मभगिनी साकारली आहे. सिनेमा अडीच तासांच्या आसपास आहे, तो एका बैठकीत संपवायची घाई करू नये. सत्रासाठी त्यातला एकच प्रसंग घ्यावा.

सिस्टर ल्यूकला काँगोला जायचं आहे, त्यासाठी ती उष्णकटिबंधातल्या रोगांचा अभ्यास करते आहे. अभ्यासात ती हुशार आहे. तिथल्याच एका वयस्क सिस्टरला, जिने काँगोत काम केलेलं आहे, तिचा मत्सर वाटतो. मदर सुपिरिअर, म्हणजे तिथल्या सिस्टरांची प्रमुख, सिस्टर ल्यूकला बोलावते आणि सुचवते की नम्रतेचा पुरावा म्हणून तू परीक्षेत मुद्दाम नापास हो. इथे सिस्टर ल्यूकचा चेहरा बघावा. ती चिडत नाही, रडतही नाही. पुढे परीक्षकांसमोर प्रश्न विचारला जातो तेव्हा उत्तर तिला येत असतं, तरी क्षणभर ती बोलत नाही. त्या थांबण्यात अख्खं व्रत आलं आहे. मग ती उत्तर देते आणि पास होते.

हा तुकडा दोनदा दाखवावा. पहिल्या वेळी मध्ये कुणीच काही बोलायचं नाही. नंतर पाच मिनिटं शांतता, मोबाईल पिशवीत. मग पुन्हा तोच तुकडा, या वेळी प्रत्येकाने एकाच व्यक्तीकडे बघायचं: अर्ध्या गटाने सिस्टरकडे, अर्ध्याने मदरकडे. दुसऱ्या वेळी माणसं वेगळंच बोलतात, कारण पहिल्या वेळी ती कथा बघत असतात.

इथे चर्चा नेहमी एकाच खड्ड्यात जाते: सगळे मिळून मदर सुपिरिअरवर खटला चालवतात. ती वाईट, संस्था वाईट, विषय संपला. त्यातून गटाला बाहेर काढायचं तर प्रश्न बदलावा. मदरने हुकूम दिला की सुचवलं? या दोन्हींत काय फरक आहे? चर्चच्या कायद्यात आज्ञापालनाचं व्रत बंधनकारक होतं ते संस्थेच्या घटनेला धरून दिलेल्या आज्ञेपुरतं. वरिष्ठाच्या मनात येईल त्या प्रत्येक गोष्टीला ते लागू होत नाही. आणि वरिष्ठाने अधिकार सेवाभावाने वापरावा, सभासदांचं ऐकून घ्यावं, असंही त्याच कायद्यात आहे. हे सांगितलं की तरुण मुली पुढचा प्रश्न स्वतःच विचारतात: मग सिस्टर ल्यूक मदरला काय म्हणू शकली असती? सत्राचा खरा भाग तिथून सुरू होतो.

एक सूचना मात्र द्यावीच लागते. सिनेमातलं कॉन्व्हेंट, म्हणजे धर्मभगिनींचा मठ, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं आणि युद्धकाळातलं आहे. घंटा वाजली की अर्धवट शब्दावर थांबायचं, सगळ्यांसमोर आपल्या चुका सांगायच्या, या रीती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर बहुतेक संस्थांत बदलल्या. चर्चमध्ये मोठे बदल घडवणाऱ्या या परिषदेचा व्रतस्थ जीवनाच्या नूतनीकरणाचा हुकूमनामा २८ ऑक्टोबर १९६५ चा. हे आधी सांगितलं नाही तर आईवडील घाबरून मुलीला घरी न्यायला येतात.

शेवटचा प्रसंगही दाखवण्यासारखा आहे, पण दुसऱ्या सत्रात. सिस्टर ल्यूक रीतसर परवानगी घेऊन संस्था सोडते. एका खोलीत एकटीच साधे कपडे घालते, दार उघडतं, ती गल्लीतून निघून जाते. कॅमेरा खोलीतच राहतो आणि पार्श्वसंगीत नाही. ती हरली की जिंकली हे संगीताने सांगू नये, यासाठी झिनेमन यांनी तिथे संगीत घातलं नाही. म्हणून तुम्हीही तो तुकडा संपल्यावर भजन लावू नका.

दुसरा सिनेमा ‘ऑफ गॉड्स अँड मेन’, २०१०, झाव्हिए बोव्वा यांचा, फ्रेंचमधला. अल्जीरियातल्या तिबिरिन इथल्या ट्रॅपिस्ट (बेनेडिक्टचा नियम कडकपणे पाळणाऱ्या संघाच्या) मठवासींची ही खरी हकिकत. मार्च १९९६ मध्ये सात जणांचं अपहरण झालं, पुढे ते मारले गेले. ८ डिसेंबर २०१८ रोजी ओरानमध्ये चर्चने त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. हा सिनेमा हौतात्म्यावर आहे असं समजून दाखवला तर अर्धा वाया जातो. तो स्थैर्याच्या व्रतावर आहे. संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी लिहिलेल्या नियमाने चालणारे मठवासी स्थैर्य, जीवनपरिवर्तन आणि आज्ञापालन अशी व्रतं घेतात; दारिद्र्य आणि ब्रह्मचर्य जीवनपरिवर्तनातच येतं. स्थैर्य म्हणजे एका समुदायाशी आयुष्यभर बांधून घेणं.

यातला टेबलाचा प्रसंग निवडावा. भोवती दहशतवाद्यांचा धोका असताना मठप्रमुख ख्रिस्तियान यांनी लष्कराचं संरक्षण परस्पर नाकारलं आहे. बाकीचे बंधू त्यांना बजावतात की एकट्याने ठरवण्यासाठी आम्ही तुम्हाला निवडलेलं नाही. मग एकेकाला विचारलं जातं. कुणी जायचं म्हणतो, कुणी थांबायचं, कुणाला वेळ हवा असतो. निर्णय पुढे ढकलला जातो. नंतर तेच टेबल पुन्हा येतं आणि एकेक जण थांबायचं सांगतो. हे दोन तुकडे लागोपाठ दाखवा आणि विचारा: मधल्या काळात काय बदललं? गावातली एक बाई मठवासींना सांगते की तुम्ही फांदी आहात आणि आम्ही तिच्यावरचे पक्षी. हे गटातल्या कुणाला आठवलं तर उत्तम, नाही आठवलं तर तुम्ही आठवण करून द्या. आज्ञा फक्त वरून खाली येत नाही, समुदायाचंही ऐकावं लागतं, हे ‘द नन्स स्टोरी’त न सापडणारं अंग इथे मिळतं.

ब्रह्मचर्यासाठी ‘इडा’, २०१३, पावेल पाव्हलिकोव्स्की यांचा पोलिश सिनेमा, १९६२ च्या काळातला. लांबी जेमतेम ८२ मिनिटं, त्यामुळे पूर्ण दाखवता येतो. मात्र त्यात आत्महत्या आहे आणि शय्येचा प्रसंगही आहे. १८ वर्षांखालच्यांना दाखवू नये आणि मोठ्यांनाही आधी सांगून ठेवावं. मावशी इडाला, व्रतं घेण्याच्या तोंडावर असलेल्या तरुणीला, विचारते की जे तू कधी चाखलंच नाहीस, त्याचा त्याग कसला? या प्रश्नाला गटप्रमुखाने लगेच उत्तर देऊ नये. पाटीवर लिहून ठेवावा आणि सत्र तिथेच थांबवावं.

प्रार्थनेसाठी ‘इनटू ग्रेट सायलेन्स’, २००५, फ्रान्समधल्या ग्रांद शार्त्रूझ मठावरचा. दिग्दर्शक फिलिप ग्रोनिंग यांनी १९८४ मध्ये चित्रीकरणाची परवानगी मागितली, होकार यायला सुमारे १६ वर्षं लागली. निवेदन नाही, जादा दिवे नाहीत. पावणेतीन तासांच्या आसपासचा हा सिनेमा जेवणानंतर कधीच लावू नये. सकाळी, वीस मिनिटं, पुरे.

थोडं साहित्याबद्दल. या सिनेमांना मराठी उपशीर्षकं मिळतीलच असं धरून चालू नये. निवडलेल्या प्रसंगातले संवाद एका पानावर मराठीत लिहून आधी वाटावेत, नाहीतर लोक वाचत बसतात आणि चेहरे बघायचे राहतात. गट १०-१२ जणांचा, खुर्च्या अर्धवर्तुळात, पडद्यापासून फार लांब नाही. खोलीत पूर्ण अंधार नको, लोकांना एकमेकांची चाहूल लागली पाहिजे. घरगुती ओटीटी खात्यावरून सभागृहात सिनेमा दाखवायला परवानगी नसते, त्याची चौकशी महिनाभर आधी करावी. २ फेब्रुवारीला, व्रतस्थ जीवनाच्या दिवशी, सत्र ठेवायचं असेल तर परवानगीची पत्रं नाताळच्या आधीच जायला हवीत. नाताळच्या सुट्टीत उत्तर यायला वेळ लागतो.