आमची वाटचाल, आणि तो टी ड्राइव्ह

लहान कचेरीचा सर्व्हर जुन्या मशीनवरून उचलायचा आणि नव्या मशीनवर नांदता करायचा, एवढंच आमचं काम. वेबसाइटी करा, कॅमेरे बसवा, प्रिंटरची शाई विका, असे सल्ले पुष्कळ मिळाले. ऐकले नाहीत.

२००४ साली आम्ही दोघांनी सुरुवात केली तेव्हा कामं चालून येत होती, कारण त्या काळातल्या कितीतरी मदरबोर्डांचे कपॅसिटर फुगत होते. झाकण उघडावं तर ओळीने टोप्या वर आलेल्या, एखाद्यातून तपकिरी द्रव ओघळलेला. मालक म्हणायचे, "काल तर चालू होतं हो." हे वाक्य आपल्या पाटीवर लिहू या, असं भागीदार म्हणायचा. भागीदाराचं नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

त्या दिवसांतली आमची पेटी अजून माझ्याकडे आहे. दोन स्क्रूड्रायव्हर, एक सिरियल केबल, पीएस-टू की-बोर्ड, लेबलं छापायचं यंत्र आणि सगळ्यात मोलाचा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह. आजच्या पोरांना हसू येतं, पण विंडोज सर्व्हर २००३ चढवताना निळ्या पडद्यावर सुरुवातीचे काही सेकंद एफ-६ दाबायची संधी मिळायची, आणि ती चुकली की पहिल्यापासून. दाबलं तर रेड कंट्रोलरचा (अनेक डिस्का एकत्र चालवणाऱ्या कार्डाचा) ड्रायव्हर फ्लॉपीतूनच मागायचा. पेन ड्राइव्ह त्याला चालत नसे. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हही सगळे चालत नसत. आमचा चालायचा. भागीदाराने तो कुठून पैदा केला होता ते त्याने कधी सांगितलं नाही, आणि वेगळं होताना त्याने तोच मागितला. मी दिला नाही.

जुन्या मशीनच्या डिस्का काढून नव्यात खोचल्या की झालं, असं समजणारे आजही भेटतात. नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर आत नसेल तर विंडोज उठतानाच निळा पडदा दाखवून ७बी (सुरुवातीची डिस्क सापडत नाही) म्हणतं आणि बसतं. रेडची मांडणी डिस्कांवर लिहिलेली असते, पण ती वाचणारा कंट्रोलर त्याच जातीचा लागतो. दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलर त्याच डिस्का बघून "कोऱ्या आहेत, नवीन अ‍ॅरे बनवू का?" असं गोड विचारतो. हो म्हणू नका.

आता २००९. याबद्दल आमच्या मागे बरंच बोललं गेलं, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

वकिलांचं एक मोठं कार्यालय. स्मॉल बिझनेस सर्व्हर २००३ वरून २००८ वर जायचं होतं. जुनी आवृत्ती ३२ बिटची, ४ जीबी मेमरीच्या पुढे न जाणारी. नवी फक्त ६४ बिटची, त्यामुळे त्याच मशीनवर वरच्या वर चढवायचा प्रश्नच नव्हता. शिवाय या जातीच्या सर्व्हरला डोमेनच्या (कचेरीतले युजर आणि मशीनं सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) पाचही मुख्य भूमिका स्वतःकडेच हव्या असतात. एका घरात असे दोन कर्ते फार दिवस चालत नाहीत. स्थलांतरासाठी २१ दिवसांची सूट, त्यानंतर जुना आपणहून बंद पडायला लागतो. म्हणजे पहिल्या दिवसापासून घड्याळ लागलेलं.

मेल आणि युजर शुक्रवारपर्यंत व्यवस्थित गेले. शनिवारी रात्री फायली. त्यासाठी भागीदाराने रोबोकॉपीची (फायली कॉपी करणाऱ्या विंडोजच्या आज्ञेची) बॅच फाइल, म्हणजे आज्ञा ओळीने चालवणारी फाइल, लिहिली होती. तो हुशार होता, हे मी कधीच नाकारलं नाही. /आर आणि /डब्ल्यू आठवणीने घातलेले, कारण ते दिले नाहीत तर रोबोकॉपी एका अडलेल्या फायलीवर १० लाख वेळा प्रयत्न करते, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून. हिशेब करा, जवळपास वर्ष होतं. /एमआयआर पण घातलेलं, म्हणजे इकडे जे आहे ते आणि तेवढंच तिकडे ठेवायचं, तिकडे जास्तीचं काही सापडलं तर पुसायचं.

फाइलमध्ये लिहिलं होतं: डी वरून टी कडे. जुन्या सर्व्हरवर डी म्हणजे डेटा आणि टी म्हणजे नव्या सर्व्हरचा मॅप केलेला, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेला, ड्राइव्ह. बरोबर. पण त्याने सोयीसाठी नव्या सर्व्हरवरही टी मॅप केला होता, तो जुन्याकडे जाणारा. आणि ती बॅच फाइल दोन्ही मशीनच्या डेस्कटॉपवर ठेवली होती. रात्री दोनच्या सुमाराला मी बसलो होतो नव्या मशीनसमोर. तिथला डी कोरा करकरीत.

एंटर मी दाबलं. ते मी त्याच रात्री कबूल केलं आणि आजही करतो. पण तीच फाइल दोन्हीकडे कुणी ठेवली होती, हे कुणी विचारत नाही.

पडद्यावर ओळी धावायला लागल्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला "एक्स्ट्रा फाइल". मला वाटलं, काय सुसाट चाललंय काम! कॉपी इतकी वेगात होत नसते, कोऱ्या डीशी जुळवायला जुन्या सर्व्हरवरचंच पुसलं जातंय, हे कळायला मला अर्धं मिनिट लागलं. कंट्रोल-सी दाबलं तोवर अशिलांच्या फोल्डरांपैकी बहुतेक साफ.

टेप होतीच की, असं तुम्ही म्हणाल. टेपवर रोज हिरवी खूण येत होती. पण बॅकअपची यादी बनली होती तेव्हा डी ड्राइव्ह जुन्या मशीनमध्ये नव्हता. तो वर्षभराने बसवला. मी बसवला. यादी भागीदाराकडे होती. मी बसवल्याचं त्याला सांगितलं होतं, असं मी म्हणतो. सांगितलं नव्हतं, असं तो म्हणतो. टेप बिचारी रोज इमानेइतबारे सी ड्राइव्ह उतरवून घेत होती. स्थलांतराआधी आम्ही यूएसबी डिस्कवर जो बॅकअप घेतला, त्यातही "डेटा टेपवर आहेच" म्हणून डी सोडला होता.

वाचवलं ते शॅडो कॉपीने, म्हणजे विंडोज ठरल्या वेळी फायलींची जी प्रत आपल्यापाशी जपून ठेवतं तिने. डी बसवताना मी ती चालू केली होती. भागीदार तेव्हा म्हणाला होता, "कशाला? उगाच जागा खाते." हे वाक्य माझ्या कानात कोरलेलं आहे. मूळ वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ आणि दुपारी १२. म्हणजे शुक्रवार दुपारची प्रत शिल्लक होती. आम्ही पहिलं काय केलं असेल तर डी वर काहीही लिहायचं बंद केलं, कारण शॅडोची जागा ठरलेली असते आणि नवीन लिखाण वाढत गेलं की जुनी प्रत बाहेर फेकली जाते. दुसरं, कचेरीतले लॅपटॉप नेटवर्कवरून काढले. त्यांच्यात ऑफलाइन फायली, म्हणजे सर्व्हरवरच्या फायलींच्या प्रती, होत्या. ते जोडले गेले असते तर पुसलेलंसुद्धा इमानाने सिंक झालं असतं.

मग प्रीव्हियस व्हर्जन्स (शॅडोतल्या जुन्या प्रतींची खिडकी) उघडून एकेक फोल्डर दुसऱ्या डिस्कवर ओढायचं. वकिलांची फायलींना नावं देण्याची पद्धत अशी की नावातच अर्धा दावा. पूर्ण पाथ २६० अक्षरांच्या वर गेला की एक्सप्लोरर हात वर करतो. मग मधल्या फोल्डरपासून ड्राइव्ह जोडा, पाथ आखूड करा, पुन्हा ओढा. परवानग्या नंतर हाताने लावल्या. रविवार संपून सोमवारची पहाट झाली. शुक्रवार दुपारनंतरचं काम मेलच्या जोडपत्रांतून आणि टायपिस्टांच्या मशीनमधल्या तात्पुरत्या फायलींतून गोळा केलं. चौदा मसुदे सापडले नाहीत.

सोमवारी मी वकीलसाहेबांसमोर उभा राहिलो. ते शांतपणे म्हणाले, "चौदा ना? यादी द्या." यादी दिली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली, स्थलांतर पूर्ण करू दिलं, आणि पुढच्या वर्षीचा देखभालीचा करार दुसऱ्याला दिला. बिल आम्ही लावलं नव्हतंच.

बातमी पसरली. सहा महिन्यांत निम्मी गिऱ्हाइकं गेली. "डेटा उडवणारे" असं आमचं नाव पडलं, आणि ते कुठून सुरू झालं याचा मला अंदाज आहे. अशा काळात एक फोन आला. छापखान्याच्या बाईंचा. म्हणाल्या, "अहो, माझा सर्व्हर कधी बदलताय? की आता घाबरलात?"

बाईंचं काम सोपं नव्हतं. त्यांचा छपाईच्या हिशेबाचा जुना प्रोग्राम पॅरलल पोर्टवरच्या (जुन्या प्रिंटरच्या जोडणीवरच्या) डोंगलशिवाय, म्हणजे परवान्याच्या किल्लीशिवाय, उघडत नसे, आणि नव्या सर्व्हरला पॅरलल पोर्टच नाही. यूएसबी ते पॅरलल केबल आणली. ती प्रिंटरपुरती असते, डोंगलला ओळखत नाही. कार्ड बसवलं तर त्याने पोर्टला वेगळा पत्ता दिला, आणि प्रोग्राम ३७८ सोडून कुठे बघायलाच तयार नाही. चार दिवस घालवले. शेवटी एक जुनं डेस्कटॉप फक्त त्या डोंगलसाठी कोपऱ्यात ठेवलं आणि बाकी सगळं नव्यावर नेलं. मला लाज वाटत होती. बाई म्हणाल्या, "असू दे, कोपरा रिकामाच होता." ते डेस्कटॉप आजही तिथेच आहे. पॉवर सप्लाय दोनदा बदलला. बाईंच्या सर्व्हरची त्यानंतर दोन स्थलांतरं झाली, दोन्ही आम्हीच केली.

त्यांच्या कामापासून आमची पद्धत ठरली, ती सांगतो, घ्यायची तर घ्या. ड्राइव्हची अक्षरं वापरायची नाहीत, दोन्ही बाजूंना सर्व्हरचं पूर्ण नाव लिहायचं. बॅच फाइलच्या पहिल्या तीन ओळी मशीनचं नाव तपासतात, आणि चुकीच्या मशीनवर असलो तर फाइल तिथेच थांबते. आधी /एल लावून नुसती यादी काढायची, ती वाचायची, मग खरं चालवायचं. बॅकअपची हिरवी खूण बघायची नाही, त्यातून दोन फायली परत काढून बघायच्या. आणि जुनं मशीन तीस दिवस पुसायचं नाही. त्यावर "हात लावू नये" आणि तारीख असं लेबल, नेटवर्कची वायर काढलेली. गिऱ्हाईक चौथ्या दिवशी विचारतं, हे नेताय कधी? हसून टाळायचं.

भागीदार २०१० मध्ये वेगळा झाला. भांडण झालं नाही. एका सकाळी त्याच्या टेबलावर फक्त किल्ली होती. महिन्याभरात त्याची जाहिरात आली: "एका रात्रीत नवा सर्व्हर." आमची तीन गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली. करणार काय, आम्ही तीन आठवडे मागत होतो आणि तो एक रात्र.

त्याची एक रात्र कशी व्हायची तेही सांगतो. डिस्क-टू-व्हीएचडी चालवायचं, जुन्या सर्व्हरची आहे तशी प्रतिमा काढायची आणि नव्या मशीनवर व्हर्च्युअल, म्हणजे मशीनच्या आतलं सॉफ्टवेअरचं मशीन, म्हणून उठवायची. जुनं दुखणं, नवी खाट. एकच सर्व्हर असेल तर निभतंही. आम्हीही अडचणीत असं केलेलं आहे, नाही म्हणत नाही.

२०११ ते २०१९ नीट गेली. पोटापुरतं काम होतं.

२०१९ च्या शेवटी त्या तिघांतलं एक गिऱ्हाईक परत आलं. दोन शाखा, दोन डोमेन कंट्रोलर (युजर आणि पासवर्ड सांभाळणारे सर्व्हर), दोन्ही विंडोज सर्व्हर २००८ आर२. मुख्य कंट्रोलरची प्रतिमा काढून व्हर्च्युअल उठवलेला. सोमवारी काहीतरी अडलं म्हणून कुणीतरी जुनं मशीन तासभर पुन्हा चालू केलं, मग परत व्हर्च्युअलवर आले. धंद्यातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. यूएसएन (बदलांचा क्रमांक) मागे गेला, नेटलॉगॉन (लॉगिनची सेवा) थांबलं, एका शाखेत बदललेला पासवर्ड दुसरीला माहीत नाही. सर्व्हर २०१२ पासून व्हर्च्युअल मशीनला यासाठी संरक्षण आलं, पण २००८ आर२ ला ते नाही. आणि ज्या २००८ आर२ चा मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपणार होता, ती उचलून नव्या मशीनवर ठेवायचीच कशाला? तीन रात्री गेल्या. बिघडलेला कंट्रोलर जबरदस्तीने उतरवला, डोमेनमधल्या त्याच्या खुणा साफ केल्या, नव्याने उभा केला. गिऱ्हाइकासमोर मी भागीदाराबद्दल एक शब्द काढला नाही. मनात बराच काढला.

तिसऱ्या रात्री सी ड्राइव्ह आवरताना एक फोल्डर सापडलं, त्यात त्याची रोबोकॉपीची बॅच फाइल. उघडली. पहिल्या तीन ओळी माझ्या. अगदी माझ्याच. वरच्या टिपेत "सर्व्हर"चं इंग्रजी स्पेलिंग मी घाईत चुकवलं होतं, मधली दोन अक्षरं उलटसुलट, तीही तशीच. जाण्याआधी उचलून नेलेली.

त्याच्या खाली चौथी ओळ होती, ती माझी नव्हती. आधी /एल लावून यादी फाइलमध्ये काढायची, ती पडद्यावर उघडायची, आणि माणसाने "हो" टाइप केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मी ती ओळ कॉपी करून पेन ड्राइव्हवर घेतली. आमच्या फाइलमध्ये आता ती चौथ्या क्रमांकावर आहे. स्पेलिंग मात्र मी दुरुस्त केलं.