तुम्ही विचारलंत म्हणून: साठ आणि एकसष्टच्या मधली शाळा

लग्नाच्या पंगतीत, एसटीत, गावच्या पारावर प्रश्न एकच असतो: "झेडपीच्या शाळा तुम्ही मास्तरलोकांनीच बुडवल्या ना?" उत्तर ऐकायला फारसं कुणी थांबत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आमचा वाटा आहे, तो लपवणार नाही. पण सगळं आमच्या पदरात टाकून बाकीच्यांनी हात झटकावेत, हे मला मान्य नाही.

आधी शाळा घटते कशी ते बघा, कारण ते बाहेरून दिसत नाही. पहिली ते पाचवीची शाळा घ्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टानुसार ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार. संचमान्यता म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मंजूर ते ठरवणं. तिच्यासाठी पट धरतात तो ३० सप्टेंबरचा. समजा, त्या दिवशी वर्गात ६२ मुलं बसली आहेत. पण डोकी मोजून संचमान्यता होत नाही. शासनाच्या विद्यार्थी नोंदणीच्या पोर्टलवर ज्यांचं आधार 'व्हॅलिड' दिसतं, ती मुलं धरली जातात.

आता 'मिसमॅच', म्हणजे शाळेतली आणि आधारवरची माहिती न जुळणं, का येतो? शाळेच्या जनरल रजिस्टरला नाव जन्मदाखल्याप्रमाणे लिहिलेलं असतं. आधारवर केंद्रचालकाने इंग्रजी टाइप केलं आणि मराठी आपोआप उमटलं, तिथे वेलांटी बदलली, नाहीतर वडिलांचं नाव अर्धवट राहिलं. कुणाची जन्मतारीख अंदाजाने १ जानेवारी टाकलेली असते. कुणाच्या लिंगाचा रकाना चुकलेला. एखाद्या मुलाचं आधारच नसतं, कारण जन्माची नोंदच झालेली नाही. नोंदीला वर्ष उलटून गेलं असलं की काम ग्रामपंचायतीत भागत नाही, वरच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो. दुरुस्तीसाठी तालुक्याच्या केंद्रावर मुलाला घेऊन आई किंवा बापाने जायचं, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. गेल्यावर सर्व्हर बंद निघाला तर दुसरी मजुरीही गेली. शिक्षक यादी काढतो, घरोघर सांगतो, फोन करतो. त्यापुढचं त्याच्या हातात नसतं.

तीन मुलांचं आधार राहून गेलं की ६२ चे ५९ होतात आणि तिसरं पद 'अतिरिक्त' ठरतं. यथावकाश समायोजनात तो शिक्षक दुसऱ्या गावी जातो. त्या तिघांचं आधार ऑक्टोबरात दुरुस्त झालं, तरी हिशेब पुढच्या सप्टेंबरवर गेला. या सगळ्यात कुणी कामचुकारपणा केलेला नसतो, तरी पाच वर्ग दोघांवर येतात. एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी, चौथी, पाचवी. चाळीस मिनिटांच्या तासिकेचे तीन भाग करा. एका इयत्तेला प्रत्यक्ष शिकवायला तेरा मिनिटं मिळतात. बाकीची सत्तावीस मिनिटं ती मुलं 'स्वाध्याय' करत असतात, म्हणजे वहीत उतरवत असतात.

त्यात दोघांपैकी एकाला बाहेर जावं लागतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं देऊ देतं. पण मतदारयादीचं बीएलओचं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) काम त्याच निवडणुकीत मोडतं आणि ते मतदानापुरतं नसतं. आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद, प्रशिक्षण, तालुक्याची बैठक हे वेगळंच. त्या दिवशी एका शिक्षकासमोर पाच इयत्ता. नेमका त्याच दिवशी एखादा पालक खिडकीतून डोकावतो. फळ्यावर खडूने उभ्या रेघा मारून तीन भाग केलेले आणि मागची मुलं गोंधळ घालतायत, एवढं तो बघतो. पुढच्या जूनमध्ये त्याचं मूल खासगी शाळेच्या पिवळ्या व्हॅनमध्ये असतं. पट ५२ होतो, मग चाळीस, मग तीस.

तो वीसच्या खाली गेला की कागदावर वेगळीच भाषा सुरू होते. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने तोरणमाळ आणि पानशेत इथल्या शाळांचा दाखला देत समूह शाळांचे, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे, प्रस्ताव मागवले, तेव्हा राज्यात अशा शाळा १४,७८३ होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमायचा निर्णय आला. या शाळांचा पट एका दिवसात वीसवर आलेला नाही. तो साठ आणि एकसष्टच्या मध्ये कधी घसरला, ते मात्र कुठल्याच प्रस्तावात नसतं.

शासनाचा वाटा आणखीही आहे. मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त पदं रिकामी नसावीत, असं त्याच कायद्याचं कलम २६ म्हणतं. भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि त्यानंतरची थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये. मधल्या पाच वर्षांत निवृत्ती थांबली नव्हती.

आता गाव. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार त्यांचा. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी रजिस्टर घरी जातं आणि सह्या होऊन परत येतं. ते पाठवणारे आम्ही, सही करणारे तुम्ही. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला २५,००० रुपये संयुक्त अनुदान मिळतं. वीजबिल, खडू, दुरुस्ती, झाडू, सगळं त्यातच बसवायचं. त्यात मुलींचं शौचालय दुरुस्त होत नाही. पण वित्त आयोगाचा, पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा बंधित निधी ग्रामपंचायतीकडे येतो आणि आराखडा ग्रामसभेत ठरतो. त्या सभेत शाळेच्या नळाचा विषय किती पालक काढतात? कमानीसाठी आवाज चढतो, तो मी ऐकलेला आहे.

आणि आमचा वाटा. तिसरीतलं मूल ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहितं. त्यावर लाल फुली मारून पुढे जाणं, हा आमचा दोष. मुलाने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, सातातून दोन. त्याला दशक सोडवणं कळलेलं नाही. काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्या पुढ्यात ठेवायच्या, सात काढायला सांगायचं. सुट्या पुरत नाहीत हे त्याचं त्यालाच दिसलं पाहिजे, गठ्ठ्याचा दोरा त्यानेच सोडला पाहिजे. मग बारा सुट्यांतून सात आणि उरलेल्या चार गठ्ठ्यांतून दोन. अशी चार-पाच उदाहरणं हाताने झाली की मग फळा. वाचनाचंही तसंच. इयत्ता बाजूला ठेवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे स्तराचे गट करायचे आणि प्रत्येक मुलाचं रोज दोन-तीन मिनिटं वेगळं ऐकायचं. वीस मुलांना तासभर लागतो. दोन शिक्षकांच्या शाळेत तो तास काढणं अवघड आहे. पण जिथे पाच शिक्षक आहेत, तिथेही तो निघत नसेल तर दोष संचमान्यतेचा नाही. अशा शाळा आहेत, आणि आमच्या संघटना त्यांच्याबद्दल बोलत नाहीत.

पूर्वी मी ठासून सांगायचे की आधी पालक गेले, म्हणून शिक्षक गेले. आता तसं म्हणवत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पण त्यासाठी गावोगाव शाळा चालवण्याची जबाबदारी दरबाराने आधी स्वतःवर घेतली होती. व्हॅनमध्ये बसवणाऱ्या बापाने तेरा मिनिटांचा हिशेब बघितलेला असतो. त्याला दंड करायचा हक्क आज कुणाला आहे? तरीही त्याच्या जाण्याने उरलेल्या मुलांची मिनिटं आणखी कमी होतात, हेही तितकंच खरं, आणि उरतात ती बहुतेक मजुरांची, ऊसतोड कामगारांची मुलं. दिवाळीच्या सुमारास आईबाप फडावर गेले की या मुलांसाठी हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं नाही, तर तीही पटावर नाव ठेवून निघून जातात.

"तुमची स्वतःची मुलं कुठे शिकतात?" हाही प्रश्न ठरलेला. तो रास्त आहे. २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सरकारी पगार घेणाऱ्यांची मुलं सरकारी शाळेत घालायला सांगितलं, तेव्हा आमच्यातलेच बरेच जण संतापले होते. मला तो संताप पटला नाही. मात्र शिक्षकांची मुलं आली म्हणून तिसरं पद टिकेल का, तर तेवढ्याने नाही, त्यांचंही आधार जुळावं लागेल.

तेव्हा पुढच्या वेळी विचाराल तर ऑगस्टमध्ये विचारा. मिसमॅचची यादी मुख्याध्यापकांकडे असते. त्यात आपल्या गल्लीतली किती मुलं आहेत ते बघता येतं, आणि ज्याच्याकडे गाडी आहे त्याला त्यातल्या दोघांना आईसकट आधार केंद्रावर नेता येतं. तेव्हा सप्टेंबर संपायला महिनाभर तरी बाकी असतो.