आंबट मुलूख आणि शिंपल्यांचा चुना

आमच्याकडे गोव्यात स्वयंपाक शिकणाऱ्याला मिठाच्या अंदाजाआधी आंबटाचा अंदाज यावा लागतो. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे मासळीच्या आमटीत, सोलां (कोकमाच्या वाळवलेल्या साली) पडतात, उन्हाळ्यात सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, हुमणात कैरीच्या फोडी जातात, चवथीच्या म्हणजे गणेशचतुर्थीच्या दिवसांत आंबाड्यांचे सासव (मोहरी-नारळाचे कालवण) होते, परसातले बिंबलाचे (बिलिंबीचे) झाड लगडले की शेजारीपाजारी बिंबलां वाटली जातात आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी माडाच्या सुरीपासून (माडीपासून) केलेल्या व्हिनागरची बाटली बहुधा असतेच. यांतल्या एकाच्या जागी दुसरे चालवून घेणाऱ्याच्या हातच्या हुमणाबद्दल घरातली वडीलधारी मंडळी काही बोलत नाहीत. फक्त दुसऱ्यांदा भात मागत नाहीत.

शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाने या सगळ्यांना एकाच रांगेत बसवले. चिंचेत टार्टारिक आम्ल, भिरंडीच्या म्हणजे कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक, बिंबलांत ऑक्झॅलिक आणि व्हिनागरमध्ये ॲसिटिक आम्ल असते. पाण्यात विरघळल्यावर जो पदार्थ हायड्रोजनचे आयन देतो तो आम्ल, आणि जो हायड्रॉक्साइडचे आयन देतो तो आम्लारी. व्याख्या चोख होती, आम्ही ती पाठही केली. मात्र पुस्तकातले आम्ल नेहमी काचेच्या बाटलीत, बुचाखाली आणि सावधगिरीच्या सूचनेसह असे, आणि घरातले आम्ल वर्षभर मीठ लावून बरणीत ठेवलेले असे. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे आमच्यापैकी कोणाला फारसे वाटले नसावे. बिंबलाच्या रसाने कपड्यावरचा गंजाचा डाग निघतो, कारण त्यातले ऑक्झॅलिक आम्ल लोखंडाच्या ऑक्साइडला विरघळणाऱ्या संयुगात ओढून घेते. सोलांच्या चोथ्याने तांब्याचा कळशी-तांब्या लखलखतो, कारण धातूवरचा काळपट थर आम्लात विरघळतो. घरातल्या बायकांना ही क्रिया ठाऊक होती, तिचे समीकरण तेवढे त्यांनी मांडले नव्हते.

मासळीच्या बाबतीत हे प्रकरण मला अधिक मनोरंजक वाटते. समुद्रातल्या मासळीच्या अंगात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. मासळी मेल्यानंतर जिवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाइन करतात आणि बाजारातून घरी येईपर्यंत नाकाला जो वास लागतो, तो बराचसा त्याचा असतो. हा पदार्थ आम्लारी आहे आणि सहज हवेत उडतो, म्हणून तर तो नाकापर्यंत पोहोचतो. त्यावर आंबट पडले की आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून क्षार तयार होतो, क्षार हवेत उडत नाही आणि वास दबतो. उदासीनीकरण या जडशीळ नावाखाली परीक्षेत पाच गुणांना विचारली जाणारी क्रिया दर दुपारी प्रत्येक घरी होत असते. हुमणात पडणाऱ्या तिरफळ या मसाल्याचे श्रेय यात मी नाकारत नाही, पण तिरफळ वासावर दुसरा वास चढवते. मूळ वासाला नाहीसे करण्याचे काम सोलांचेच.

भिरंडीकडे आणखी एक गुण आहे, तो रंगाचा. तिच्या सालीतला लाल रंग अँथोसायनिन गटातला असल्यामुळे तो आम्लात लाल राहतो आणि आम्ल ओसरले की निळसर, मळकट होऊ लागतो. फुटी कडी (सोलांचे पातळ सार) प्यायलेली वाटी साबणाच्या पाण्यात टाकल्यावर तळाशी उरलेल्या लाल थेंबांचा रंग कसा उतरतो, हे ज्याने भांडी घासली आहेत त्याला सांगायला नको. हळदीचे वागणे याच्या उलट: आम्लात ती पिवळीच राहते आणि साबणाने किंवा चुन्याने तांबडी होते. पांढऱ्या सदऱ्यावर हुमणाचा थेंब पडला, घाईने साबण लावला आणि डाग रक्तासारखा लाल झाला, की लहान मुले घाबरतात. त्या लाल डागावर लिंबू पिळले तर तो पुन्हा पिवळा होतो. तोच सदरा दोन दिवस कडक उन्हात वाळत घातला, तर उन्हाने हळदीतला कर्क्युमिन मोडतो आणि डाग कायमचा जातो. पहिला बदल परत फिरवता येतो, दुसरा येत नाही, आणि तरीही दोन्ही रासायनिकच आहेत. रासायनिक बदल म्हणजे परत न फिरणारा बदल, हे सोपे सूत्र ज्यांनी आम्हांला घोकायला लावले त्यांच्यासमोर हा सदरा ठेवायला हवा होता. पूर्वी हळदीवर चुन्याची प्रक्रिया करूनच कुंकू केले जाई, त्यामुळे कपाळावरच्या कुंकवालाही आम्लारीचा दर्शक म्हणता येईल.

फुलाफळांच्या रंगावरून आम्ल ओळखण्याची युक्ती युरोपात रॉबर्ट बॉइलने 1664 साली व्हायोलेटच्या फुलांचा अर्क वापरून लिहून ठेवली. आमच्या शाळेत लिटमसचे कागद दमट हवेने खराब झालेले असायचे, म्हणून आमच्या मास्तरांनी कुंपणावरची जास्वंद तोडून आणायला लावली आणि तिच्या पाकळ्या ऊन पाण्यात भिजवून काम भागवले. आंबटपणा मोजायची 0 ते 14 ची पट्टी मात्र बरीच नंतरची. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन याने 1909 मध्ये पीएच ही कल्पना मांडली. ती प्रयोगशाळा बिअर गाळणाऱ्यांची होती, ही गोष्ट फेणीच्या मुलखातल्या माणसाला विशेष आवडावी. या पट्टीवर 7 म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर आम्लारी, आणि एक अंक खाली उतरणे म्हणजे आम्लता दहापट वाढणे. 6 आणि 5 यांच्यातला फरक कागदावर एकाचा दिसतो, पाण्याच्या नळाला तो दहाचा असतो.

पाण्यापर्यंत आलोच आहोत, तर सांगायला हवे की गोव्यात आंबटपणा पानातल्यापेक्षा पायांखाली अधिक आहे. आकाशातून पडणारे स्वच्छ पाणीसुद्धा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येते आणि त्याचा पीएच साधारण 5.6 भरतो. असा पाऊस आमच्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पडतो आणि हजारो वर्षे पडत आला आहे. त्याने डोंगरांतल्या खडकांमधले कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम हे सगळे धुऊन नेले आणि सहजी न विरघळणारे लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे ठेवले. तोच आमचा चिरा, म्हणजे जांभा दगड, तीच आमची तांबडी माती. चिऱ्याच्या थरातून झिरपलेले विहिरीचे पाणी म्हणून बहुधा मऊ आणि किंचित आंबट असते. माझ्या आजोळच्या विहिरीच्या पाण्याची गोडी सगळे नातेवाईक वाखाणत; त्यात डाळ लवकर शिजे, साबणाला भरपूर फेस येई. पण त्या पाण्यात क्षार कमी असल्यामुळे ते लोखंडी नळाला हळूहळू खात असे, आणि पंपाची नळी काही वर्षांनी चाळणी होऊन निघे. बायका पाण्याचे कौतुक करीत आणि मामा नळ बसवणाऱ्याला दोष देत. दोघांच्या बोलण्याचे कारण एकच होते, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

खाजनांची, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनींची, गोष्ट याहून नाजूक आहे. भरतीच्या पाण्याखाली कांदळवनाच्या चिखलात लोखंड आणि गंधक यांचे पायराइट साठत जाते. चिखल पाण्याखाली आहे तोवर ते निजलेले असते. चिखल कोरडा पडून त्याला हवा लागली की ते ऑक्सिजनशी संयोग पावते आणि मातीत चक्क सल्फ्युरिक आम्ल तयार होऊ लागते. अशा जमिनीत भात तर सोडाच, गवतही धडपणे उगवत नाही. बांध घालायचा, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या मोरीच्या, दारांनी भरती-ओहोटीचे पाणी मोजून आत-बाहेर करायचे, पावसाच्या गोड्या पाण्यात कोरगूट हा भात पिकवायचा आणि पुढे त्याच जागी मासळी किंवा मीठ घ्यायचे, या रहाटीकडे आपण खारे पाणी अडवण्याची युक्ती म्हणून पाहतो. पण समुद्राच्या पाण्याचा पीएच 8 च्या जरा वर असतो, म्हणजे ते किंचित आम्लारी आहे, आणि ओलावा टिकला तर मातीतले पायराइटही झोपून राहते. खाजनात खारे पाणी मुळीच येऊ न देणे आणि ते मुळीच न अडवणे, या दोन्ही गोष्टी शेताला सारख्याच वाईट, असे मला त्यावरून वाटते.

मग डोंगरांतून धुऊन गेलेले कॅल्शियम कोठे गेले? नद्यांनी ते समुद्राला दिले आणि खाडीतल्या खुब्यांनी, तिसऱ्यांनी, शिनाण्यांनी ते पाण्यातून वेचून आपल्या अंगाभोवती घर बांधले. शिंपला बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट असतो. आतले मांस खाऊन उरलेले शिंपले पूर्वी भट्टीत जात. साधारण 900 अंश सेल्सियसला त्यांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कळीचा चुना राहतो; त्यावर पाणी ओतले की तो रागावल्यासारखा फुगतो, वाफा सोडतो आणि त्याचा विरलेला चुना होतो. भिंतीला लावल्यावर हाच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो. चुना लावलेली भिंत म्हणजे पसरून लावलेला शिंपलाच. आंबट पावसाने डोंगराचे जे लुटले, ते समुद्राने जमवले आणि माणसाने पाटीत भरून पुन्हा चिऱ्यावर आणून लावले, हा प्रवास मला आमच्या सगळ्या इतिहासात सर्वांत समाधानकारक वाटतो.

चिऱ्याला या चुन्याची खरी गरज असते. चिरा सच्छिद्र, पाणी पिणारा दगड आहे, आणि गिलाव्याशिवाय आमच्या पावसात तो झिजतो. जुन्या गोव्यातल्या बॉम जीजस बॅसिलिकेचा बाहेरचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकण्यात आला आणि आतला तांबडा चिरा उघडा पडला. आज पर्यटक त्या तांबूस दर्शनी भागाची छायाचित्रे काढतात आणि तोच तिचा मूळ रंग समजतात. पावसाने मात्र त्या उघड्या दगडाचा समाचार घेतला आहे. इमारत देखणी दिसते हे मान्य करूनही मी पांढऱ्या चुन्याच्याच बाजूचा आहे. पावसाळ्यात कोणी उघड्या अंगाने उभा राहिला तर त्याच्या अंगकाठीचे कौतुक करावे, की त्याला आधी काही पांघरायला द्यावे?

चुन्याचा आणखी एक मुक्काम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे जलशुद्धीकरण प्रकल्प. फोंडा तालुक्यात खांडेपार नदीवर ओपा, बार्देशात अस्नोडा आणि सांग्यात साळावली, ही नावे आपण पाणी येणार नसल्याच्या बातमीत वाचतो. जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला की नदी विटेच्या रंगाची होते. त्या पाण्यातले मातीचे कण इतके बारीक असतात की ते आपणहून खाली बसत नाहीत, कारण प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटत राहतात. तेथे तुरटीचे काम सुरू होते. आजी हंड्यात तुरटीचा खडा चार वेढे फिरवून ठेवत असे आणि सकाळी वरचे निवळ पाणी अलगद काढून घेत असे. प्रकल्पातही तेच, फक्त हंडा मोठा. तुरटीतल्या ॲल्युमिनियमपासून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे बुळबुळीत पुंजके बनतात, मातीचे कण त्यांत अडकतात, पुंजके जड होऊन तळाशी बसतात आणि वरचे पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते.

पण हे पुंजके बनताना पाण्यात आम्लता वाढते. जड, क्षारयुक्त पाणी ती पचवू शकते. आमच्या नद्यांचे पाणी आधीच मऊ, त्यात पाऊस जितका जोराचा तितका गाळ अधिक, गाळ अधिक म्हणून तुरटी अधिक, आणि तुरटी अधिक म्हणून पीएच आणखी खाली. अशा वेळी पाण्यात चुना मिसळून तो वर आणावा लागतो. अलीकडे तुरटीऐवजी पॉलिॲल्युमिनियम क्लोराइडही वापरतात, त्याने पीएच कमी ढासळतो. तरी हिशेब तोच राहतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे पीएच 6.5 ते 8.5 च्या दरम्यान हवा. आता यात एक पेच आहे, आणि तो शाळेत कोणी शिकवला नाही. जंतू मारण्यासाठी शेवटी क्लोरीन घालतात, पण क्लोरीनचे खरे हत्यार म्हणजे हायपोक्लोरस आम्ल, आणि पीएच 7.5 च्या आसपास त्यातले अर्धे हायपोक्लोराइट या दुबळ्या रूपात गेलेले असते. पाणी जरा आंबट ठेवले तर क्लोरीन जोमाने काम करतो, पण नळ झिजतात. चुना वाढवला तर नळ वाचतात, पण त्याच जंतूंना अधिक क्लोरीन किंवा अधिक वेळ लागतो. पाऊस पडत असताना हा तोल दर काही तासांनी नव्याने साधावा लागतो. ज्यांच्याकडे हे काम असते त्यांची आठवण आपल्याला फक्त नळाला गढूळ पाणी आले की होते.

पावसाळ्यात सकाळच्या चहाला क्लोरीनचा वास येतो, अशी तक्रार आमच्या घरीही होते. मानकाप्रमाणे नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा लागतो, म्हणजे वाटेत कोठे नळ फुटून आत काही शिरले तर त्याला तोंड देणारे कोणी तरी पाण्यात असते. पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवले की वास बराच कमी होतो, आणि उकळल्यावर उरलासुरलाही जातो. आजोळची ती विहीर अजून आहे, तिचे पाणी अजूनही तितकेच गोड लागते, आणि पाहुण्यांना ते अभिमानाने दिले जाते. मी तेथे गेलो की ते पाणी उकळलेले आहे का, हे मामींना हळूच विचारून घेतो.