खाण कोणाची ते नंतर, आधी वाट कोणाची ते बघा

रबाळे, महापे, तळोज्याच्या कारखानदारांकडून आम्हाला हल्ली एकच चौकशी येते: "आफ्रिकेतलं तांबं थेट मागवता येईल का?" आम्ही काही मराठी मंडळी झांबियाच्या कॉपरबेल्टमध्ये, म्हणजे तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात, किटवे शहराच्या आसपास, खाणींना माल पुरवायच्या कामात आहोत. तांबं मागवता येतं. पण माल कुठल्या वाटेने बाहेर पडणार आणि त्या वाटेवर कोणाचा शब्द चालतो, हे आधी विचारा.

खाणींचे मालक बदलत असतात. काँगोच्या तेंके-फुंगुरुमे खाणीतला मोठा हिस्सा अमेरिकेच्या फ्रीपोर्टने 2016 मध्ये चिनी कंपनीला 2.65 अब्ज डॉलरला विकला. इथल्या मोपानी खाणीचे 51 टक्के 2024 मध्ये अबुधाबीच्या कंपनीकडे गेले. आता खरी चढाओढ रुळांवर आहे. अमेरिकेने पैसा लावलाय तो अंगोलाच्या लोबिटो बंदराकडे जाणाऱ्या रेल्वेवर. चीनने आपणच बांधलेली, टांझानियाच्या दार-एस-सलाम बंदराला जाणारी 1,860 किलोमीटरची टाझारा रेल्वे सुधारायला घेतलीय. बातम्यांत लोबिटोचा गाजावाजा जास्त, पण ते बंदर अटलांटिकवर. तिथून न्हावा शेव्याला यायचं तर जहाजाला केप ऑफ गुड होपला वळसा पडतो. आपल्याला हिंद महासागरावरचं दार-एस-सलामच सोयीचं, त्यामुळे नवी मुंबईच्या आयातदाराने डोळा ठेवायचा तो टाझारावर. तूर्त बराचसा माल ट्रकनेच जातो आणि काँगोचा असेल तर झांबियाच्या सीमेवरच्या कासुंबलेसाच्या नाक्यावर रांगेत अडकतो.

नियम तर माल वाटेत असतानाही बदलतात. 22 फेब्रुवारी 2025 ला काँगोने तांब्याच्या खाणींतूनच निघणाऱ्या कोबाल्ट धातूची निर्यात थांबवली. ऑक्टोबरपासून ती कोट्यावर सुरू झाली. 2026 साठी वर्षाला 96,600 टन. म्हणून सरकारी बंदी आली तर नुकसान कोणी सोसायचं आणि मालाची मालकी नेमकी कुठे बदलते, ही दोन कलमं करारात नसतील तर सही करू नका.

आता प्रत्यक्ष माल. तांबं येतं ते कॅथोडच्या रूपात. कॅथोड म्हणजे साधारण मीटरभर लांबी-रुंदीचे 99.99 टक्के शुद्ध तांब्याचे पत्रे, पोलादी पट्टीने बांधलेले, एक गठ्ठा दोन-अडीच टनांचा. वीस फुटी कंटेनरमध्ये पंचवीस टनांच्या आसपास बसतात. वजनाची मर्यादा आधी गाठली जाते, कंटेनर वरून रिकामाच दिसतो. मोठ्या खाणींचं उत्पादन आधीच दीर्घ मुदतीच्या करारांत, बऱ्याचदा कर्ज देणाऱ्या व्यापाऱ्यांकडे, बांधलेलं असतं. म्हणून लंडनच्या धातू बाजारातल्या भावापेक्षा वीस-तीस टक्के स्वस्त, थोडा थोडा सुटा माल कोणी देऊ केला, तर तो चोरीचा तरी असतो नाहीतर मुळात नसतोच. "निर्यात परवान्यापुरता आगाऊ भरणा करा" हे वाक्य ऐकलं की फोन ठेवा.

नुसत्या कागदांवर जाऊ नका. 2020 मध्ये तुर्कस्तानातून चीनला निघालेल्या तांब्याच्या कंटेनरांत रंगवलेले फरसबंदीचे दगड निघाले होते. भरताना तपासणी करणारी संस्था विकणाऱ्याने नव्हे, तुम्ही नेमा. नमुना, वजन आणि सील तिच्यासमोरच झालं पाहिजे, सील क्रमांकाचे फोटो त्याच दिवशी मागवा. न्हावा शेव्याला क्रमांक जुळला नाही, तर सर्व्हेअर येईपर्यंत कंटेनर उघडू देऊ नका. पैसे लेटर ऑफ क्रेडिटने, म्हणजे ठरलेले कागद बघून बँकेने पैसे द्यायच्या हमीने, आणि बँकेने मान्य करायच्या कागदांत तुमच्या संस्थेचा अहवाल घाला.

इथला, झांबियातला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. त्या काळातली डिलिव्हरीची तारीख ठरवताना दोन-तीन आठवडे जास्तीचे धरा.